काचेवर आधीच नोंदलेलं उत्तर



इतिहासाच्या या सदरात आपण एरवी गड-किल्ल्यांच्या, बखरींच्या, मोडी कागदपत्रांच्या गोष्टी ऐकतो. आजची गोष्टही एका जुन्या दप्तराचीच आहे. फक्त हे दप्तर कागदाचं नाही, काचेचं आहे, आणि त्यातला जमाखर्च आहे ताऱ्यांच्या उजेडाचा. मुलं जवळपास असतील तर त्यांनाही हाक मारा. गोष्टीत कृष्णविवरं आहेत, परग्रहवासीयांची एक अफवा आहे, आणि मुंबईत वर्तवलेलं एक भाकीतही आहे.

मी पेशानं आयटी सल्लागार, शिक्षण एमबीएचं. खगोलशास्त्र हा निव्वळ छंद. पण कामाच्या निमित्तानं एक प्रश्न मला नेहमी भेटतो: जुना डेटा किती वर्षं सांभाळायचा? जागा लागते, पैसे लागतात, आणि बैठकीत कोणीतरी विचारतंच, "याचा उपयोग काय?" त्या प्रश्नाला खगोलशास्त्राच्या इतिहासानं दिलेलं उत्तर मला फार आवडतं. तेच आज सांगतो.

सुरुवात करू ५ फेब्रुवारी १९६३ या दिवसापासून. कॅलिफोर्नियात मार्टिन श्मिट नावाचे मूळचे डच खगोलशास्त्रज्ञ एका ताऱ्याच्या वर्णपटाकडे बघत बसले होते. वर्णपट म्हणजे प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा. त्यातल्या रेषांवरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखता येतं. या ताऱ्याच्या रेषा कशाशीच जुळत नव्हत्या. त्याचं नाव थ्री-सी २७३. केम्ब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या तिसऱ्या यादीतला हा २७३वा. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीतून सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी, चंद्र या स्रोतासमोरून सरकताना रेडिओ लहरी नेमक्या कधी बंद झाल्या ते मोजून त्याची जागा पक्की केली होती. तिथे दिसला एक साधा, मंद तारा.

श्मिट यांच्या लक्षात आलं की त्या रेषा ओळखीच्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त तांबड्या रंगाकडे जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या. याला ताम्रसृती म्हणतात. विश्वाच्या प्रसरणाच्या हिशेबानं त्याचा अर्थ असा होता, की हा "तारा" आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४७,००० किलोमीटर वेगानं दूर चाललाय आणि दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही लांब आहे. इतक्या लांबून तो दिसतो, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या शंभरेक दीर्घिकांचा उजेड एकट्यानं पाडत असणार. अशा वस्तूंना पुढच्या वर्षी "क्वेसार" हे नाव मिळालं.

आता पुढचा प्रश्न: एवढा उजेड पाडणारी ही वस्तू आहे तरी केवढी? दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो, त्यावरून आकार कळत नाही. आकार कळला तो उजेडाच्या चढउतारांवरून. ही युक्ती समजून घ्यायला गणपतीच्या मिरवणुकीत जाऊ. आता अमेरिकेतही बऱ्याच गावांत ढोल-ताशा पथकं आहेत, तेव्हा मुलांनाही हे चित्र परकं नाही.

समजा, पथक एक किलोमीटर लांब पसरलंय आणि पुढच्या वादकानं थांबायची शिट्टी मारली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शेवटच्या ढोलवाल्याला ती शिट्टी तीन सेकंदांनी ऐकू येणार. शिट्टीखेरीज दुसरी खूण नसेल, तर इतकं लांब पथक एका क्षणात थांबूच शकत नाही. आता उलटा विचार करा. डोळे मिटून लांब उभे राहा. सगळा गजर अर्ध्या सेकंदात थांबला, तर न बघता सांगता येईल की पथक शे-दीडशे मीटरपेक्षा फार मोठं नाही.

आकाशात शिट्टीच्या जागी प्रकाश ठेवा. प्रकाशापेक्षा वेगानं कोणतीही खूण जात नाही. एखादी वस्तू वर्षभरात एकंदरीनं ठळकपणे उजळली किंवा मंदावली, तर ती साधारण एका प्रकाशवर्षापेक्षा मोठी असू शकत नाही. आपल्या आकाशगंगेचा पसारा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आहे, हे लक्षात ठेवा.

म्हणजे थ्री-सी २७३चा उजेड बदलतो का, आणि किती वेळात, हे कळायला हवं होतं. पण वस्तू तर आत्ता ओळखू आली. तिचे चढउतार टिपायला आणखी पन्नास वर्षं थांबायचं का?

थांबावं लागलं नाही. उत्तर आधीच काचेवर नोंदलेलं होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिजमध्ये, हार्वर्डच्या वेधशाळेत, १८८०च्या दशकापासून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रं काचेच्या प्लेटांवर घेतली जात होती. दक्षिणेचं आकाश इथून दिसत नाही, म्हणून आधी पेरूमधल्या अरेकिपा इथे आणि नंतर दक्षिण आफ्रिकेत वेगळी ठाणी उभी केली होती. सगळ्या मिळून जमलेल्या काचा सुमारे पाच लाख. या कामाला मोठा आधार मिळाला तो मेरी अॅना ड्रेपर या विधवा बाईंच्या देणगीचा. पती हेन्री ड्रेपर यांच्या स्मरणार्थ त्यांनी पैसा दिला. काचा तपासायला स्त्रिया नेमल्या होत्या. पगार तासाला २५ ते ५० सेंट. विल्यमिना फ्लेमिंग, अॅनी जंप कॅनन, हेन्रिएटा लेव्हिट ही नावं आज पाठ्यपुस्तकांत आहेत, पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी जणींची नावं फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

त्यांचं काम कसं चाले? काचेवर आकाश उलटं उमटतं: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा. ज्या ताऱ्यांची प्रत आधी ठरलेली आहे त्यांच्या ठिपक्यांशी हव्या त्या ठिपक्याची भिंगातून तुलना करायची आणि आकडा वहीत लिहायचा. मग दुसऱ्या रात्रीची काच काढायची. पेशवे दफ्तरातल्या कारकुनानं गावोगावचा वसूल टिपला, तेव्हा पुढे कोणी संशोधक त्यातून दुष्काळाचा इतिहास लिहील हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. तसंच हे.

१९६३मध्ये येल विद्यापीठातले हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट यांनी हार्वर्डच्या जुन्या काचांवर थ्री-सी २७३चा ठिपका शोधायला घेतला. तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही पाचशेपट मंद, तरी काचांवर उमटलेला होता. क्वेसार म्हणजे काय हे जगाला कळण्याच्या पाऊणशे वर्षं आधीपासून! आकडे मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. उजेड स्थिर नव्हता. वर्षानुवर्षं चालणारे संथ चढउतार होते, आणि मधूनच काही महिन्यांत होणारे झपाट्याचे बदलही. त्याच वर्षी मॉस्कोतल्या शारोव आणि येफ्रेमोव यांनीही जुन्या छायाचित्रांवरून स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

याचा अर्थ हादरवणारा होता. शंभर दीर्घिकांचा उजेड, आणि तो ज्या जागेतून येतो ती एका प्रकाशवर्षाहून लहान! ताऱ्यांचा कोणताही समूह हे करू शकत नाही. १९६४मध्ये अमेरिकेत एडविन सालपीटर आणि सोव्हिएत संघात याकोव झेल्दोविच यांनी सुचवलं, की मध्ये एक अजस्र कृष्णविवर असावं आणि त्यात पडणारा वायू पडता पडता तापून हा उजेड देत असावा. १९६९मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी ही कल्पना नीट मांडली. आज ती सर्वमान्य आहे. मध्यभागी असं पेटतं इंजिन असलेल्या दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात.

डॉरिट हॉफलाइट यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म १९०७चा. १९२९मध्ये जास्त पगाराची दुसरी नोकरी नाकारून त्या हार्वर्डच्या वेधशाळेत तासाला ४० सेंटवर रुजू झाल्या आणि काचांच्या त्या कपाटांत पुढची पंचवीसेक वर्षं रमल्या. १९५०च्या दशकात वेधशाळेची सूत्रं डोनाल्ड मेन्झेल यांच्याकडे आली. मेन्झेल मोठे शास्त्रज्ञ होते, पण वेधशाळेची तिजोरी रिकामी होती. रोज रात्री तेच आकाश टिपत राहण्याचा खर्च त्यांना परवडेना. हे छायाचित्रण बंद झालं आणि ते १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बंदच राहिलं. हॉफलाइट यांना हे रुचलं नाही. १९५६मध्ये त्या येलला निघून गेल्या.

श्रोतेहो, इथे मला थबकायला होतं. माझ्या धंद्यातली बैठक डोळ्यांसमोर उभी राहते. मेन्झेल यांच्या जागी आपण असतो आणि समोर ताळेबंद असता, तर काय केलं असतं? आकडे त्यांच्याच बाजूनं होते. क्वेसार नावाची वस्तू अजून कोणाला माहीतच नव्हती, तेव्हा तिच्यासाठी काचा जपा असं कोण कशाच्या आधारावर सांगणार? आणि नेमका १९६३मध्ये क्वेसारचा शोध लागला, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या काच-दप्तराचं हे पान जवळजवळ कोरं होतं. ती पोकळी आजही भरलेली नाही. खगोलशास्त्रज्ञ तिला "मेन्झेलची पोकळी" म्हणतात. एरवी शास्त्रात एखादं मोजमाप चुकलं तर पुन्हा करता येतं. १९५८च्या एखाद्या रात्रीचं आकाश मात्र आता कोणीही पुन्हा टिपू शकत नाही.

जुन्या नोंदींनी आणखी एक गंमत केली. १९२९मध्ये जर्मनीत कुनो हॉफमाइस्टर यांना सरठ तारकासमूहात उजेड बदलणारा एक ठिपका सापडला. असे रूपविकारी तारे पुष्कळ असतात. रीतीप्रमाणे त्याला दोन अक्षरी नाव मिळालं, बीएल लॅसर्टी, आणि तो यादीत जाऊन बसला. जवळजवळ चाळीस वर्षं तो ताराच होता. १९६८मध्ये जॉन श्मिट यांनी दाखवलं की हाच ठिपका रेडिओ लहरीही सोडतोय. मग कळलं, की हा तारा नव्हेच, ते दूरच्या दीर्घिकेचं पेटलेलं केंद्र आहे. आज त्या जातीच्या वस्तूंना याच "ताऱ्याचं" नाव आहे.

उजेडाच्या चढउतारांनी माणसांच्या कल्पनाही पेटवल्या. १९६५मध्ये मॉस्कोतले शोलोमित्स्की यांनी सीटीए-१०२ नावाच्या रेडिओ स्रोतात सुमारे शंभर दिवसांचे चढउतार दिसल्याचं जाहीर केलं. रेडिओ स्रोत इतक्या लवकर बदलू शकतो हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं. अशा स्रोतामागे प्रगत परग्रहवासी असू शकतील असं त्यांचे सहकारी कार्दाशेव यांनी आधीच सुचवलं होतं. झालं, बातमी जगभर! अमेरिकेतल्या एका बँडनं त्यावर गाणंही केलं. शेवटी सीटीए-१०२ हा क्वेसारच निघाला. पण रेडिओ लहरींतही चढउतार असतात हे खरं होतं. त्याच वर्षी मिशिगनच्या विल्यम डेंट यांनी थ्री-सी २७३मध्येही ते दाखवले.

यातून एक मोठा वाद उभा राहिला, आणि इथे आपल्या ओळखीचं एक नाव जवळ येतं. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६६मध्ये जेफ्री बर्बिज आणि वॉलेस सार्जंट यांच्यासह असा मुद्दा मांडला: इतक्या लहान जागेत इतका प्रकाश कोंबला, तर तिथले इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा क्षणात गमावून बसतील. तेव्हा क्वेसार इतके लांब नसावेतच, ते जवळच असावेत. मुद्दा बिनतोड वाटत होता. उत्तर दिलं मार्टिन रीस या तरुणानं. स्फोटातला माल जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं आपल्याच दिशेनं येत असेल, तर बदल प्रत्यक्षापेक्षा झपाट्याचे भासतील आणि हिशेब जुळेल. तसं असेल तर पुढे कधीतरी प्रकाशापेक्षाही वेगानं सरकल्यासारखे भासणारे ठिपके दिसतील, असंही त्यांच्या गणितातून निघत होतं. १९७१मध्ये रेडिओ दुर्बिणींना ते खरोखर दिसले. हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी क्वेसारच्या अंतराबद्दलची शंका मात्र पुढेही सोडली नाही. बहुतेकांना ती पटली नाही, तरी अशा शंकेखोरांमुळेच बाकीच्यांना आपला पुरावा घट्ट करावा लागला.

पुढची पायरी फार सुंदर आहे. गावाकडे विहीर किती खोल आहे हे बघायला आपण आत दगड टाकून "डुबुक" ऐकू येईपर्यंत मोजायचो. शास्त्रज्ञांनी दीर्घिकेच्या पोटात तेच केलं. केंद्र अचानक उजळलं की भोवतीचे वायूचे ढगही उजळतात, पण जरा उशिरा, कारण प्रकाशाला तिथवर पोहोचायला वेळ लागतो. तो उशीर म्हणजेच अंतर. १९८२मध्ये रॉजर ब्लॅंडफर्ड आणि ख्रिस्तोफर मॅकी यांनी याचं गणित मांडलं. डिसेंबर १९८८पासून आठ महिने एका अवकाश दुर्बिणीनं दर चार दिवसांनी एनजीसी ५५४८ या दीर्घिकेकडे पाहिलं, आणि निरनिराळ्या देशांतल्या दुर्बिणी जमिनीवरून साथीला होत्या. ढगांच्या एका थराचा उशीर निघाला सुमारे वीस दिवस. अंतर मिळालं, वर्णपटावरून ढगांचा वेग मिळाला, आणि दोन्हींवरून मधल्या कृष्णविवराचं वजन: काही कोटी सूर्यांइतकं. कोणत्याही दुर्बिणीला वेगळं दिसणार नाही इतक्या लहान जागेचा नकाशा नुसत्या घड्याळावर निघाला!

भारतातही या कामाला जुनी परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले गोपाल कृष्ण आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नैनितालच्या १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून एकेका क्वेसारकडे सलग काही तास बघायला सुरुवात केली. एकाच रात्रीत उजेड बदलतो का, हा प्रश्न होता. काही जातींत बदलतो, असं दिसलं.

आणि आता मुंबईचं भाकीत. कर्क राशीत ओजे २८७ नावाची सक्रिय दीर्घिका आहे, सुमारे साडेतीनशे कोटी प्रकाशवर्षं दूर. तीही जुन्या काचांवर १८८०च्या दशकापासून सापडते. १९८८मध्ये फिनलंडच्या सिलानपा आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी लावून दाखवलं, की ती साधारण बारा वर्षांनी भडकते. त्यांचं म्हणणं असं की तिथे दोन कृष्णविवरं आहेत. मोठं १,८०० कोटी सूर्यांइतकं, आणि लहान त्याच्याभोवती फिरताना मोठ्याच्या वायूच्या चकतीतून आरपार जातं, तेव्हा भडका उडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ए. गोपकुमार आणि त्यांचे विद्यार्थी लंकेश्वर डे यांनी फिनलंडच्या माउरी वाल्टोनेन यांच्यासह आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं ही कक्षा बारकाईनं मांडली. २०१८च्या त्यांच्या निबंधातून तारीख निघाली ३१ जुलै २०१९. त्या दिवसांत ओजे २८७ सूर्याच्या बाजूला असल्यानं पृथ्वीवरून दिसणं शक्य नव्हतं. पण स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण पृथ्वीपासून २५ कोटी किलोमीटर दूर होती, तिला दिसलं. भडका भाकितापासून चार तासांच्या आत सापडला.

गोष्ट इथे संपवली तर टाळ्या मिळतील, पण ती अर्धी ठरेल. याच कल्पनेनुसार पुढचा भडका ऑक्टोबर २०२२मध्ये अपेक्षित होता. स्टेफनी कोमोसा यांच्या गटानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि तो दिसला नाही. मोठं कृष्णविवर मुळात शंभरपटीनं लहान असावं, असं त्यांचं म्हणणं. भडका लवकर, दिसत नव्हता तेव्हाच होऊन गेला, असं वाल्टोनेन यांचं उत्तर. वाद चालू आहे. निकाल पुढच्या नोंदींतूनच लागेल.

मग त्या काचांचं काय झालं? २०१६च्या जानेवारीत जलवाहिनी फुटून हार्वर्डच्या तळघरात पाणी शिरलं आणि सुमारे ६१ हजार काचा भिजल्या. त्या स्वच्छ करून, वाळवून वाचवल्या गेल्या. जोनाथन ग्रिंडले यांच्या गटानं बांधलेल्या खास यंत्रावर चार लाखांहून अधिक काचा एकेक करून स्कॅन झाल्या. २०२४मध्ये हे काम पुरं झालं, आणि तो सगळा डेटा आता कोणालाही खुला आहे. स्कॅन करण्याआधी काचेवरच्या शाईच्या खुणा पुसाव्या लागत. त्या खुणा त्या स्त्रियांच्या हातच्या, म्हणून पुसण्याआधी प्रत्येकीचं छायाचित्र घेऊन ठेवलं. हे वाचलं तेव्हा त्या स्कॅन करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला.

आता चिलीमध्ये व्हेरा रुबिन वेधशाळा उभी राहिली आहे. तिची पहिली छायाचित्रं जून २०२५मध्ये आली. दहा वर्षं, दर काही रात्रींनी, दिसणारं सगळं आकाश पुन्हा पुन्हा टिपायचं, असा तिचा बेत आहे. म्हणजे काम हार्वर्डच्या जुन्या कॅमेऱ्यांचंच, फक्त कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. तिच्या नोंदींतून काय निघेल याची यादी शास्त्रज्ञांनी केलेली आहे. माझं लक्ष मात्र त्या यादीत नसलेल्या गोष्टीकडे आहे.

डॉरिट हॉफलाइट २००७मध्ये, शंभरी पूर्ण करून गेल्या. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ असा, की वाट्याला आलेली संकटं हे वेष पालटून आलेले आशीर्वाद असतात.

जाता जाता मुलांसाठी एक काम. एप्रिल-मेच्या संध्याकाळी कन्या रास छान दिसते. तुमच्या गावच्या हौशी खगोल मंडळाकडे आठ इंची दुर्बीण असेल, तर थ्री-सी २७३ दाखवायला सांगा. एक मंद ठिपका दिसेल. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस तर सोडाच, साधा मासाही नव्हता. शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करा, तारीख घाला आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा बघा. वही मात्र फेकू नका!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.